स्पीच थेरपी झाली, बोलणं सुधारलं, पण टेन्शन तसंच. तोतरेपणासाठी सायकॉलॉजिस्टकडे कोणी गेलंय का?

शब्द_अडकतो

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. वय ३४. लहानपणापासून अडखळतो. माझं शब्द परत परत येणं कमी, ब्लॉक जास्त, म्हणजे तोंड उघडलेलं, गळा आवळलेला आणि आवाजच नाही. दोन वर्षांपूर्वी स्पीच थेरपी घेतली, शब्द लांबवायचा, सुरुवात हलकी करायची वगैरे, आणि थेरपिस्टच्या खोलीत मी खरंच छान बोलायला लागलो. बाहेर चार महिने टिकलं. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये एक दणदणीत ब्लॉक आला आणि तिथून जे घसरलं ते घसरलंच.

आता त्रास बोलण्याचा कमी आणि बाकीचाच जास्त झालाय. मंगळवारी मीटिंग असते, तिचं टेन्शन रविवार दुपारपासून. झोप उडते, पोटात गोळा येतो, प्रत्येक वाक्य आधी मनात तीनदा बोलून बघतो आणि कुठला शब्द अडकेल ते शोधून बदलतो. मीटिंग झाली की रात्रभर तीच मीटिंग परत चालू. मागच्या महिन्यात तर हद्द झाली. क्लायंटला फोनवर साडेतीनची वेळ सांगायची होती, 'सा'वर अडकणार हे मला दोन वाक्यं आधीच कळलं, म्हणून चटकन 'चार' म्हणून मोकळा झालो. तो बिचारा चारला आला, बाकी सगळे साडेतीनपासून बसून. सगळ्यांना वाटलं मी चुकीची वेळ दिली, मीही म्हणालो सॉरी, गडबडीत विसरलो. विसरभोळा म्हणून घेणं मला चाललं पण अडखळलेलं चाललं नाही.

हे थेरपिस्टला सांगितलं तर ती म्हणाली की आता माझ्याकडे येतच एखाद्या सायकॉलॉजिस्टकडेही जा, सीबीटी (विचार आणि सवयी बदलायचे उपचार) किंवा एसीटी (नको ते विचार येऊ देऊन पुढे जायला शिकवणारे उपचार) येणारा बघ, कारण तुझे स्वतःसाठीचे नियम फार कडक आहेत आणि विचार एकाच रुळावरून चालतात. खरं सांगतो, आधी रागच आला. आयुष्यभर ऐकत आलोय की हे सगळं मनाचं आहे, कॉन्फिडन्स ठेव, घाबरू नको. आणि आता थेरपिस्टही तेच म्हणते?

पण ती म्हणाली ते नियम आहेत हे खरं. नाव तरी एका दमात आलंच पाहिजे. फोनवर पहिलं वाक्य अडकलं की तो फोन फुकटच गेला. नीट बोलता येईपर्यंत प्रमोशन मागायचंच नाही. असे बरेच आहेत आणि मला ते चुकीचे वाटत नाहीत, वाटतात ते शिस्तीचे.

तर कोणी असे उपचार घेतलेत का, नक्की करतात काय तिथे, त्याने अडखळणं कमी होतं का, आणि गोळ्या घेऊन काही होतं का? सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

निळी_वही

साडेतीनचं वाचलं आणि फोन बाजूला ठेवून दोन मिनिटं बसले. मी ४१ वर्षांची, मीही अडखळते, आणि मी सायकॉलॉजिस्टकडे दीड वर्ष जात होते, आधी एकटी, नंतर आठ आठवड्यांच्या एका ग्रुपमध्ये. लांबलचक लिहिणारे, चालवून घ्या.

पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं की मी तुमचं अडखळणं घालवणार नाही, ते माझं काम नाही, अडखळण्याभोवती तुम्ही जे बांधकाम केलंय त्याचं आपण बघू. मला तेव्हा फार निराश वाटलं होतं. आज वाटतं की ती हे स्पष्ट बोलली म्हणूनच मी टिकले.

दुसऱ्या वेळी वही आणायला सांगितली (माझं इथलं नाव त्यावरूनच). आठवडाभर कुठेही बोलायच्या आधी डोक्यात जे वाक्य येईल ते जसंच्या तसं लिहायचं, सुधारून, सभ्य करून नाही. वही घेऊन गेले तर तिने लाल पेन उचललं आणि काही न बोलता एकच अक्षर शोधून त्याला गोल करत गेली. च. 'अडखळता कामाच नये.' 'पहिलं वाक्य नीट आलंच पाहिजे.' 'थांबले तर समोरच्याला मी मूर्खच वाटणार.' 'मग सगळं संपलंच.' एका पानावर १७ च निघाले. मी ते पान अजून जपून ठेवलंय.

मग तीच वाक्यं मला च काढून मोठ्याने वाचायला लावली. 'पहिलं वाक्य नीट आलं तर बरं. नाही आलं तर दुसरं आहे.' वाचताना वाटत होतं की हे काय, व्याकरणाचा तास का? पण तिने पुढे जे समजावलं ते मला अजून पाठ आहे. च आला म्हणजे अडखळायला परवानगी नाही. परवानगी नाही म्हणजे प्रत्येक शब्दावर पहारा. पहारा म्हटलं की मान, जबडा, गळा सगळं आवळून धरलेलं, आणि आवळलेल्या गळ्यातून शब्द निघायला आणखी त्रास. तो निघाला नाही की नियम आणखी कडक. हे असं गोल गोल मी पंचवीस वर्षं फिरत होते. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी म्हणून जी पद्धत काढली तिचा गाभा हाच आहे, माणसाला एखादी गोष्ट हवी असणं ठीक, पण हवी असण्याची मागणी झाली की त्रास सुरू होतो.

आता महत्त्वाचं. वहीत च खोडून काहीही होत नाही. डोक्याला पटतं, गळ्याला पटत नाही. त्यासाठी प्रयोग करावे लागतात आणि खरा घाम तिथे निघतो.

माझा एक प्रयोग सांगते. १० अनोळखी ठिकाणी फोन करून साधी माहिती विचारायची आणि पहिल्या शब्दावर मुद्दाम अडखळायचं. हो, मुद्दाम! आधी कागदावर अंदाज लिहायचा. मी लिहिलं, १० पैकी ७ जण हसतील किंवा फोन ठेवतील. झालं काय? एकाने फोन ठेवला. दोघांनी 'हॅलो हॅलो, आवाज येतोय का' केलं. एकीने माझा शब्द पूर्ण केला, आणि तोही चुकीचा. उरलेल्या सहा जणांनी वाट बघितली आणि उत्तर दिलं, बस. ज्याने फोन ठेवला त्याच्यापुढे मला लिहायचं होतं की मग पुढे काय झालं, तर मी लिहिलं, वाईट वाटलं, पाणी प्यायले, नऊ मिनिटांनी पुढचा फोन केला. ती ओळ मी आजही काढून वाचते. कारण माझा नियम होता 'मग सगळं संपलंच', आणि कागदावर होतं नऊ मिनिटं.

दुसरा प्रयोग व्हिडिओचा. माझा बोलतानाचा व्हिडिओ काढला आणि बघायच्या आधी विचारलं की सर्वात मोठा ब्लॉक किती वेळ होता असं वाटतंय. मी म्हणाले अर्धा मिनिट तरी. घड्याळ लावून बघितलं तर ५ सेकंद. आणि त्या ५ सेकंदांत मी डोळे मिटून मान वळवली होती, समोरची बाई मात्र अगदी शांतपणे माझ्याकडे बघत थांबलेली. तिचा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता, कारण दर वेळी मी डोळे मिटलेले.

ग्रुपमध्ये एसीटी होतं, त्याचं वळण जरा वेगळं. तिथे विचार खरा की खोटा यावर वाद घालत नाहीत. विचार आला की त्याच्या आधी 'माझ्या मनात असा विचार आलाय की' एवढं जोडायचं. 'मी हसं करून घेणार' आणि 'माझ्या मनात असा विचार आलाय की मी हसं करून घेणार', बोलून बघा, दुसऱ्या वाक्यात थोडी जागा मिळते. एकदा सगळ्यांनी मिळून 'तोतरा' हा शब्द भराभर, न थांबता पाऊण मिनिट म्हणायचा होता. लहानपणी ज्या शब्दाने मी रडत घरी यायचे तो शब्द शेवटी नुसता तोंडातला आवाज होऊन गेला, तो-त-रा तो-त-रा. आमच्यातला एक जण त्या शब्दावरच अडकला आणि सगळे त्याच्यासाठी थांबले. मला ते थांबणं फार आवडलं.

आणि शेवटी विचारतात की हे सगळं कशासाठी, तुम्हाला कोणाशी काय बोलायचंय? मला माझ्या मुलीला रात्री गोष्ट वाचून दाखवायची होती. ते काम मी नेहमी नवऱ्यावर ढकलायचे, थकले, डोळे दुखतात असं सांगून. आता मी वाचते. अडकले की ती पानावर त्या शब्दावर बोट ठेवून थांबते आणि शब्द आला की बोट पुढे सरकवते.

अडखळणं कमी झालं का? थोडं झालं असेल. मी मोजलेलं नाही.

मधला_विराम

वरचं वाचून छान वाटलं पण माझा अनुभव उलटा आहे, तोही इथे असावा म्हणून लिहितो. मी गेलो त्या काउन्सेलरला तोतरेपणाबद्दल शून्य माहिती. सहा सेशन माझं वडिलांशी नातं कसं होतं यावर गेली. चांगलं होतं हो, काय सांगू अजून? मग म्हणाले तुम्ही रिलॅक्स होत नाही, प्रत्येक शब्दाआधी पोटातून मोठा श्वास घ्या. घेतला. दोन आठवडे बरं वाटलं, मग ब्लॉक परत आले आणि आता श्वासाची सवयही चिकटली, म्हणजे आधी श्वासासाठी थांबायचं आणि मग वर अडकायचंही. ती सवय सोडवायला मला वर्ष लागलं.

म्हणून सांगतो, पहिल्या भेटीतच विचारा की तुमच्या मते माणूस अडखळतो कशामुळे. उत्तर 'भीतीमुळे' किंवा 'लहानपणीच्या धक्क्यामुळे' असं आलं तर नमस्कार करून निघा. तोतरेपणावर आधी काम केलेलं नसलं तरी एक वेळ चालेल, पण त्याने तुमच्या स्पीच थेरपिस्टशी बोलायची तयारी दाखवली पाहिजे.

वाचा_उपचार

मी स्पीच थेरपिस्ट आहे, १५ वर्षं झाली, मोठ्या माणसांसोबतच जास्त काम आहे. मधला_विराम यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्यात आमचाही दोष आहे, त्यावर पुढे येते.

शब्द_अडकतो, तुमचा राग बरोबर आहे, फक्त थेरपिस्ट 'तेच' म्हणत नाहीये. तोतरेपणा मनामुळे होत नाही. बहुतेकांचा २ ते ५ या वयात सुरू होतो, त्यात अनुवंशाचा मोठा वाटा आहे, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये बोलण्याचं काम जुळवणाऱ्या भागांत आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंत फरक दिसतात. लहान मुलांत साधारण ५ ते ८ टक्के अडखळतात, बहुतेकांचं आपोआप जातं, मोठ्यांमध्ये १ टक्क्याच्या आसपास राहतं आणि त्यात पुरुष बायकांच्या साधारण चौपट. तेव्हा तुम्ही घाबरता म्हणून अडखळता असं नाही. पण अडखळत मोठं होताना वर्षानुवर्षं जे ऐकावं लागतं, जे लपवावं लागतं, त्याने मनावर व्हायचा तो परिणाम होतो आणि ताण आला की अडखळणं वाढतं. थेरपिस्ट त्या परिणामाबद्दल बोलतेय.

जोसेफ शीहन, स्वतः अडखळणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९७० मध्ये तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती. ऐकू येतं ते पाण्यावरचं टोक, आणि लाज, भीती, अपराधी वाटणं, टाळाटाळ हे पाण्याखाली. तुमचं 'चार' म्हणणं पाण्याखालचं. त्या फोनवर तुम्ही एकदाही अडखळला नाहीत! मी समोर बसून ब्लॉक मोजले असते तर शून्य लिहिलं असतं आणि तुमची प्रगती उत्तम ठरवली असती. आमच्या मोजमापातली ही उणीव आहे, म्हणूनच आता ओएसेस सारख्या प्रश्नावल्या वापरतो, ज्यात अडखळण्याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते विचारतात.

किती जणांना हा त्रास होतो? ऑस्ट्रेलियात उपचारासाठी आलेल्या ९२ प्रौढांची तुलना इतरांशी केली, २००९ मध्ये छापून आलं, तर चिंतेचा कुठला तरी आजार असण्याची शक्यता ६ ते ७ पट निघाली, आणि सोशल फोबियाची, म्हणजे लोकांसमोर आपलं हसं होईल या सततच्या भीतीची, त्याहून कितीतरी जास्त. हे उपचार घ्यायला आलेले लोक होते हे लक्षात ठेवा, सगळेच अडखळणारे असे असतात असं नाही.

अडखळणं कमी होतं का, यावर माझ्या मते सर्वात उपयोगी अभ्यास २००८ चा, मेंझीस आणि सहकाऱ्यांचा, तोही ऑस्ट्रेलियातला. साधारण ३० माणसं, त्यातल्या ६० टक्क्यांना सोशल फोबिया. काहींना फक्त बोलण्याचे उपचार, काहींना आधी सीबीटी आणि मग तेच बोलण्याचे उपचार. वर्षभराने बघितलं तर फक्त बोलण्याचे उपचार मिळालेल्यांचा सोशल फोबिया होता तिथेच होता, आणि सीबीटी मिळालेल्यांमध्ये तो कोणातही सापडला नाही. अडखळण्याच्या प्रमाणात मात्र सीबीटीमुळे वेगळा फरक पडला नाही. थोडक्यात, बोलणं सुधारलं की भीती आपोआप जाईल ही आमची जुनी समजूत होती, ती बरोबर नव्हती. तुमचे ते चार महिने आठवा.

एसीटीचंही एक काम आहे, २०१२ मध्ये आलेलं, २० प्रौढ, आठवड्याला दोन तास, आठ आठवडे, ग्रुपमध्ये. मनावरचा परिणाम, विचारांची लवचिकता, अडखळणं, सगळ्यातच सुधारणा झाली आणि तीन महिन्यांनी बघितलं तेव्हाही टिकून होती. पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि बोलण्याचं कामही सोबत चालू होतं, म्हणून कशाने काय झालं ते त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. आशा वाटावी इतकं मात्र आहे.

गोळ्यांचं. तोतरेपणासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध आज नाही. चिंता किंवा नैराश्य फार असेल, झोप पार गेली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच, तिथे औषधांचा उपयोग होतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

आता आमचा दोष. अडकू नये म्हणून आपण ज्या युक्त्या करतो, शब्द बदलणं, वाक्य आधी पाठ करणं, नजर चुकवणं, कोणाला तरी सोबत नेणं, त्यांना सेफ्टी बिहेवियर म्हणतात. त्यांनी त्या क्षणी सुटका होते पण मन शिकतं काय, तर 'युक्ती केली म्हणून वाचलो'. अडखळूनही काही बिघडलं नसतं, हे शिकायची संधीच मिळत नाही. आणि यातल्या काही युक्त्या आम्ही थेरपिस्टनीच शिकवल्यात, 'आधी सोप्या माणसांशी बोला', 'अवघड शब्द टाळा'. मी स्वतः पहिली काही वर्षं हे सांगत होते. आज त्या लोकांना भेटले तर माफी मागेन.

ता.क. सायकॉलॉजिस्टला यूटीबीएएस या प्रश्नावलीबद्दल विचारा. तोतरेपणाबद्दल मनात येणारी ६६ वाक्यं आहेत त्यात, 'लोकांना मी बावळट वाटेन' अशा तऱ्हेची, प्रत्येक वाक्य किती वेळा येतं, किती खरं वाटतं, किती त्रास देतं ते नोंदवायचं. बऱ्याच लोकांना नुसतं वाचूनच धक्का बसतो की हे दुसऱ्यांच्याही डोक्यात येतं.

तिची_बाजू

माझी बायको अडखळते. मी एवढंच सांगायला आलोय की घरच्यांनाही एखाद्या सेशनला न्या. मला वाटायचं मी तिचा शब्द पूर्ण करतो म्हणजे मदत करतो. तिच्या सायकॉलॉजिस्टसमोर ती म्हणाली की तू शब्द पूर्ण केलास की मला वाटतं मी नापास झाले आणि तू माझा पेपर लिहिलास. सात वर्षं लग्नाला झाली होती तेव्हा! त्यानंतर मी तोंड बंद ठेवायला शिकलो, पहिले काही महिने हात मांडीखाली दाबून बसायचो. ते थांबणं मला जड गेलं, म्हणजे टेन्शन तिचं एकटीचं नव्हतं, तिच्या ब्लॉकला माझाही जीव वर-खाली व्हायचा आणि तो तिला दिसायचा.

शब्द_अडकतो

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

निळी_वही ताई, तुमचं वाचून मी माझीच पोस्ट परत वाचली. 'घसरलं ते घसरलंच', 'आलंच पाहिजे', 'फुकटच गेला', 'मागायचंच नाही'. लिहिताना एकही दिसला नव्हता. आणि वाचा_उपचार, त्या फोनवर मी एकदाही अडखळलो नाही हे तुम्ही लिहिलंत ते वाचून हसूही आलं आणि रडूही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुरळीत फोन असेच आहेत, ज्यात मी मला म्हणायचं ते म्हणालोच नाही.

एक शंका मात्र आहे. तुम्ही सगळे परवानगी, स्वीकार म्हणताय. मी अडखळणं स्वीकारलं तर मेहनत कशाला करेन? मला भीती वाटते की नियम सैल सोडले की मी अजूनच बिघडेन, सगळीकडेच अडखळायला लागेन.

निळी_वही

मलाही हीच भीती होती. आणि खोटं नाही सांगत, शब्द बदलणं बंद केलं तेव्हा पहिले दोन महिने मी जास्त अडखळले. व्हायचंच ते, जे शब्द वीस वर्षं टाळले ते सगळे एकदम तोंडात. नवऱ्याला वाटलं उपचार उलटे पडले. तेव्हा सायकॉलॉजिस्टने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. तुम्हीही ऑफिसात एखाद्या जवळच्याला आधी सांगून ठेवा.

स्वीकार म्हणजे आवडून घेणं नाही. मला आजही अडखळायला आवडत नाही. अडखळणार की नाही याचा निकाल लागायच्या आधीच मी बोलायला सुरुवात करते, एवढाच फरक.

वाचा_उपचार

+१. थोडी भर. बोलण्याची तंत्रं सोडायची नाहीत. पण तंत्र लपण्यासाठी वापरलं की ते दबावाखाली मोडतं, तुमच्या मीटिंगमध्ये झालं तसं. चार्ल्स व्हॅन रायपर, स्पीच थेरपिस्ट आणि हेही स्वतः अडखळणारे, त्यांची पद्धत मला म्हणून आवडते. शब्द अडकला तर पूर्ण अडकू द्यायचा, मग क्षणभर थांबून तोच शब्द कमी जोर लावून परत म्हणायचा. पुढे जमलं की अडकलेल्या शब्दातच असताना पकड सैल करत बाहेर यायचं. यासाठी ब्लॉकमध्ये थोडा वेळ राहता आलं पाहिजे, आणि जो ब्लॉकला घाबरून पळतो त्याला ते शिकताच येत नाही. मनाचं काम आणि तोंडाचं काम इथे एकत्र येतं.

आणि मीटिंगच्या सुरुवातीला सांगून टाका, 'मी अडखळतो, कधी कधी शब्दाला वेळ लागतो'. माफी मागू नका, 'सॉरी हं, मला जरा प्रॉब्लेम आहे' असं नको. माहिती द्या आणि पुढे जा.

मधला_विराम

हे सांगून टाकायचं मला कधी जमलं नाही, पण शब्द_अडकतो, तुम्ही केलंत तर इथे नक्की लिहा. मलाही परत एकदा नवीन कोणाकडे तरी जाऊन बघावंसं वाटतंय.

शब्द_अडकतो

मंडळी, धागा वर आणतोय, सहा आठवडे झाले.

सायकॉलॉजिस्ट मिळाला. मधला_विराम यांचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला. तो म्हणाला मला तोतरेपणाचा अनुभव कमी आहे, सोशल फोबियाचा बराच आहे, तुमच्या स्पीच थेरपिस्टशी बोलू का? तिथेच मला बरं वाटलं. दोघं आता महिन्यातून एकदा बोलतात.

आम्ही १२ पायऱ्यांची यादी केली, सोप्यापासून अवघड. पहिली होती अनोळखी माणसाला वेळ विचारणं आणि शब्द न बदलणं. तिसऱ्या पायरीला मी पळालो, फोन लावला आणि उचलल्यावर ठेवून दिला, दोनदा. त्याला सांगताना लाज वाटली, पण त्याने एवढंच विचारलं की ठेवताना मनात कुठलं वाक्य होतं, आणि ते वहीत लिहून घ्यायला लावलं. पुढच्या आठवड्यात केला.

सातवी पायरी मीटिंग. परवाच्या मंगळवारी सुरुवातीलाच सांगितलं की मी अडखळतो, कधी कधी वेळ लागेल. 'अडखळतो' या शब्दावरच ब्लॉक आला, चांगला चार-पाच सेकंदांचा. एक जण खाली बघायला लागला. बाकीचे थांबले. मग मी माझं म्हणणं मांडलं, त्यात दोनदा अडकलो, एकदा सवयीने शब्द बदलला आणि लक्षात आल्यावर परत मूळ शब्द घेतला. बाहेर आल्यावर एक सहकारी म्हणाला की माझी मुलगी पण अडखळते, कोणाकडे नेऊ. आठ वर्षं एकत्र काम करतोय आम्ही.

त्या रात्री झोप लागली का, तर नाही, मीटिंग डोक्यात चालूच होती. पण रविवारी दुपारी पोटात गोळा आला तेव्हा मी वही काढून ते वाक्य लिहिलं आणि मग बाहेर जाऊन आलो. संध्याकाळपर्यंत आला तसा गेला.

आठवी पायरी म्हणजे त्या क्लायंटला फोन करून सांगायचं की त्या दिवशी मी वेळ विसरलो नव्हतो, साडेतीन म्हणता येईना म्हणून चार म्हणालो होतो. ते अजून केलेलं नाही. गुरुवारी करायचं ठरलंय.